धोळ्या उठेपर्यंत

यवतमाळ, ३ एप्रिल १९६१

बिजली,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी राग.

तुमच्या तांड्याखाली तलावाची भिंत बांधून होत आली. येत्या पावसाळ्यात तुमची चाळीस घरं पाण्यात जाणार. आणि हे तुम्हांला कळलं कधी, तर मुकादमानं झाडांवर चुन्याच्या खुणा केल्या तेव्हा! तुझं पत्र वाचून मी तशीच उठले आणि कचेरीत गेले. तिथला कारकून पान लावत होता. म्हणाला, "बाई, तांड्याच्या नावावर जमीनच नाही. नोटीस द्यायची कुणाला?" मी म्हटलं, "मग पाण्यालाही तसं कळवा. यांच्या नावावर घर नाही, तेव्हा तू आत शिरू नकोस म्हणावं." त्याला ते कळलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या शिपायाला कळलं.

तीस वर्षं मुलींची शाळा चालवली, तेव्हा कचेरीतल्या अर्ध्या लोकांच्या बायका माझ्या विद्यार्थिनी निघतात. त्याचा उपयोग करून एवढं पदरात पाडलं आहे: मारेगावच्या बाजूला पंधरा घरांपुरती जागा देतो म्हणतात. महिनाअखेरपर्यंत तुझ्या वडिलांची संमती हवी. ते तांड्याचे नायक आहेत, त्यांचा अंगठा चालेल.

पंधरा म्हणजे चाळीस नव्हेत, हे मलाही मोजता येतं. पण पंधरा घरं वाचली तर उरलेल्यांसाठी भांडायला बळ येतं. अंगठा लवकर पाठव.

आता आशीर्वाद.

कोकिळा


तांडा, १४ एप्रिल

बाई, तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहिते,

तुमचं पत्र मी बापूंना आणि सगळ्या पंचांना वाचून दाखवलं. कचेरीतला भाग ऐकून सगळे हसले. पंधरा घरांचं वाचलं. मग बापूंनी एवढंच विचारलं, "कोनते पंधरा?"

मी म्हटलं, ते आपण ठरवायचं. तर म्हणाले, "मंग तूच ठरव. तुह्या याडीच्या बहिनीचं घर घेतं का माह्या भावाचं?"

याडी म्हणजे आई हे तुम्हांला माहीत आहे. ती तिथंच बसली होती. मी पत्राची घडी घातली.

बापू म्हणाले, "धोळ्याले विचारू."

तुम्ही रागावणार, तरी लिहिते. आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखातून फिरत. दर तांड्यात एक बैल बालाजीच्या नावानं सोडलेला असे. त्याच्यावर गोणी नाही, त्याला जू नाही, वेसण नाही; गळ्यात फक्त घंटा. तो पुढं चालायचा आणि मागून सगळा तांडा. तो जिथं बसेल, तिथं त्या दिवसाचा मुक्काम. आगगाडी आली आणि ते फिरणं पणजोबांच्या वेळीच बंद झालं. पण बैल ठेवायचं आम्ही बंद केलं नाही. एक गेला की दुसरा सोडतात. आत्ताचा धोळ्या. इतकी वर्षं तो नुसता चरत होता. बापू म्हणतात, आता त्याचं काम निघालं. गूळ-तुपाचा भोग लावून देवाला विनंती करायची आणि अक्षय तृतीयेनंतर त्याच्या मागं निघायचं. सगळ्यांनी.

मी सात वर्षं तुमच्या बोर्डिंगात राहिले, तुमच्या हाताखाली शिकले. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

तुमची
बिजली


यवतमाळ, १८ एप्रिल

बिजली,

एका बैलाच्या बसण्यावर दोनशे माणसांचा संसार! तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग आणि विचार, बैल सावली बघून बसला तर? गोमाशा चावल्या म्हणून पुढं गेला तर? तेही बालाजीचंच समजायचं का?

मी नास्तिक नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटात मी दहा वर्षं रोज सकाळी दुसऱ्यांच्या देवासमोर गुडघे टेकले आणि संध्याकाळी आपल्या देवासमोर दिवा लावला. दोघांनीही माझं वाकडं केलं नाही. पण आमच्या मदर म्हणायच्या, मुलींनो, प्रार्थनेला यायच्या आधी चुलीवरचं दूध उतरवून या. तुम्ही लोक दूध चुलीवर ठेवून निघाला आहात.

संमतीची मुदत ३० तारखेला संपते. त्या कारकुनाचं तोंड मी किती वेळा पाहायचं? अंगठा पाठव.

कोकिळा


मुक्काम बोरखडी, ९ मे

बाई,

अंगठा पाठवला नाही. मुदत संपली हे माहीत आहे. तुमचं पत्र ढाणकीच्या पोस्टात पडलं होतं. भाऊ भावसिंग बाजाराला गेला तेव्हा मिळालं. यापुढंही तिथंच लिहा.

आम्ही निघालो. धोळ्या पुढं, त्याच्या मागं बापू, मग गाड्या, शेळ्या, म्हातारी माणसं, पोरं. पहिल्या दिवशी तो एका ओढ्याकाठी बसला, दुसऱ्या दिवशी पळसाच्या रानात. सकाळी उठायचा, की आम्ही उठायचो. बाई, खरं सांगू? दोन दिवस मला बरं वाटलं. पुढचं काही ठरवायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो बोरखडी गावाच्या शिवारात शिरला आणि एका नांगरलेल्या वावराच्या मधोमध बसला. वावर विठ्ठलरावांचं. तेच गावचे सरपंच. वखरण झालेली, पेरणीला तयार जमीन. आम्ही गाड्या सोडतोय न सोडतोय, तोच ते दहा-बारा माणसं घेऊन आले. सगळ्यांच्या हातात काठ्या.

"हे काय जत्रेचं मैदान हाय?"

बापू पुढं झाले. "मालक, रागावू नका. बैल बसला. तो उठला का आमी उठलो."

"बैल बसला! अन् उद्या माह्या ओसरीत येऊन बसला तं?"

"तं ओसरीत थांबू," बापू म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. पण विठ्ठलरावांची माणसंच हसली आणि त्यामुळं ते जास्त चिडले.

"आजची रात. सकाळी येथं एक चूल दिसली तं लाथीनं उडवीन."

सकाळी धोळ्या उठला. दोन पावलं टाकली आणि परत बसला. आज चौथा दिवस. उभा राहतो, दोन पावलं टाकतो, बसतो. पाणी आणि चारा तिथंच नेतो. चुली अजून उडाल्या नाहीत, कारण धोळ्याभोवती गावातल्या बायका जमायला लागल्या आहेत. हळदीकुंकू लावतात. विठ्ठलरावांच्या घरच्या मैनाबाईही येऊन गेल्या. नवऱ्याला ते आवडलेलं नाही. त्यांनी आता बाजाराच्या दिवसापर्यंतची मुदत दिली आहे. मग ठाण्यातून जमादार आणणार.

वावराच्या पुढं नाला आहे. नाल्यापलीकडं उघडा बरड, नुसता मुरूम आणि दगड. मी विचारलं, तिथं तरी सरकू का? तर म्हणाले, "तिकडं फिरकू नका. गावच्या ढोरांची चराई हाय ते." तिथं कुसळंसुद्धा धड नाहीत.

मागं पाणी आणि पुढं हे. बापू शांत आहेत. मी नाही.

बिजली


यवतमाळ, ११ मे

बिजली,

जे होऊ नये म्हणून ओरडत होते, ते झालं. आता ओरडून उपयोग नाही, म्हणून काम करते.

एक. त्या जनावराचे पाय कुणी तपासले का? उभा राहतो, दोन पावलं टाकतो आणि बसतो, याला आमच्याकडे आजारी म्हणतात. भक्तीनं पायांवर पाणी ओतता, तर एकदा डोळे उघडे ठेवून ओता.

दोन. मी बोरखडीचा नकाशा काढायला लावला. तुझा तो बरड गावाचा नाही, सरकारचा आहे. वस्तीसाठी मागता येतो. चाळीसच्या चाळीस घरं बसतील. पण त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, की आमची हरकत नाही. आणि ठराव कोण करणार? काठी घेऊन आलेला तुझा सरपंच! कारकून म्हणाला, "बाई, हे जमणारं नाही." पहिल्यांदाच तो खरं बोलला असावा. तरी मी मोठ्या साहेबांना भेटायची वेळ मागितली आहे.

ढाणकीला माणूस रोज पाठव. पत्राची वाट पाहायला लावू नकोस.

कोकिळा


बोरखडी, १३ मे

बाई,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाला.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी सकाळी धोळ्याच्या पायांवर पाणी घालायला गेले. बायका गाणं म्हणत होत्या. मी खाली वाकून बघितलं. उजव्या पुढच्या पायाच्या खुराच्या फटीत बाभळीचा काटा आहे. आत मोडलेला, भोवती सूज. दिसतो जेमतेम. कुणी पाहिला नाही, कारण आमच्यात त्याच्या पायांना हात लावतात तो फक्त नमस्काराला, आणि तेव्हा डोळे मिटलेले असतात. बापूंना सापडला असता, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय.

मी गप्प राहिले. कुणालाही सांगितलं नाही.

काटा काढला तर तो उठेल. उठला तर आम्हांला निघावं लागेल, आणि पुढं कुठं जायचं? पावसाळा तोंडावर आलाय. काटा राहिला तर गावचे लोक देव बसला म्हणून हात लावायला भितात. काल जमादार आला होता. तोसुद्धा धोळ्याला नमस्कार करून, चहा पिऊन गेला. विठ्ठलराव दात खात उभे होते. तांड्यातले लोक म्हणायला लागलेत, देवानं जागा दाखवली, आता हलायचं नाही. भावसिंग तर विठ्ठलरावांच्या गड्याला म्हणाला, "तुह्या मालकाले सांग, वावर आता बालाजीचं."

मला एकटीलाच माहीत आहे की देवानं जागा दाखवलेली नाही. बाभळीनं दाखवली.

काय करू? तुम्ही सांगाल तसं करीन.

बिजली


यवतमाळ, १५ मे

बिजली,

पत्र जाळलं.

आता नीट ऐक. काटा राहू दे.

मोठ्या साहेबांना भेटले. अर्धा तास बोलले. त्यातली वीस मिनिटं त्यांना नको होती. शेवटी कबूल झाले, १८ तारखेला जीपनं स्वतः बोरखडीला येतात. ते येतील तेव्हा तांडा त्या वावरात बसलेला दिसला पाहिजे. दोनशे माणसं, बैल, पूजा, चिडलेला सरपंच. भांडण डोळ्यांनी दिसलं तर ते मिटवावं लागेल, आणि मिटवायला बरडाखेरीज दुसरी जागा नाही. विठ्ठलरावाला आपलं वावर मोकळं करून घेण्यासाठी ठराव द्यावाच लागेल. पण तुम्ही त्याआधी उठून चालते झालात, तर कागद बंद. कोण कुठं गेलं, कचेरीला काय त्याचं?

तीन दिवसांचा प्रश्न आहे. बैल काट्यानं मरत नाही. साहेबांची पाठ फिरली की काढ आणि हळद भर. तोवर तोंड मिट. तुझ्या वडिलांना देवानंच सगळं करायला हवं असतं ना? मग हा काटा देवानं दिला असं समज.

मी इथं कचेरीच्या दारात उभी आहे.

कोकिळा


बोरखडी, १७ मे

बाई,

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. मी ते दोनदा वाचलं आणि तसंच करायचं ठरवलं. शपथेवर सांगते, ठरवलं होतं.

आज सकाळी मैनाबाई आल्या. कडेवर नात. तीन-साडेतीन वर्षांची पोर, अंगाला हात लावला तर चटका बसावा. डोळे अर्धे उघडे. त्यांनी तिला धोळ्याच्या पायांशी, त्या सुजलेल्या खुराजवळ जमिनीवर ठेवलं.

मी विचारलं, "काकू, हे काय करता?"

"तुमच्यातच करते न असं? तुह्या मायनंच सांगतलं. दुखनं आलं का देवाच्या बैलापाशी ठेवाचं. दोन दिवस झाले, ताप उतरत नाही. येथं ठेवतो म्हनलं आजचा दिवस."

"ढाणकीच्या दवाखान्यात नेलं नाही?"

"नेतो म्हनत होते हे. म्याच नाही म्हनलं. एवढा देव दारात बसला असताना दवाखाना कायले?"

बाई, मला तुमचं पत्र आठवत होतं. साहेब उद्या येणार, हे आठवत होतं. पोरीच्या ओठांवर माश्या बसत होत्या. मी म्हणाले, "काकू, तो देवानं बसवलेला नाही. त्याच्या पायात काटा आहे. पोरीला उचला आणि आत्ताच्या आत्ता ढाणकीला न्या."

मोठ्यानं म्हणाले. गाणं थांबलं.

याडी म्हणाली, "छोरी, येडी झाली का?" मी खाली बसले, खूर धरला आणि सगळ्यांना दाखवला. मैनाबाईंनी आधी काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पोर उचलली आणि पळत सुटल्या. थोड्या वेळानं विठ्ठलरावांची दोन बैलांची दमणी ढाणकीच्या वाटेनं जाताना दिसली.

मग आमच्यात जे झालं ते काय लिहू? भावसिंग माझ्या अंगावर धावून आला. "शिकून हेच केलं? चार दिस गप बसता आलं नाही तुले?" रुपीकाकीनं कपाळ बडवून घेतलं. विठ्ठलरावांचा गडी आनंदानं गावाकडं धावला. गाव लोटलं. कुणी म्हणालं, "हे पाहा यांचं दैवत, काट्यानं लंगडं!" आणि सगळे हसले.

बापूंना मी हात धरून पुढं आणलं आणि खूर त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटानं चाचपलं. "केव्हा दिसला तुले?"

"चार दिवस झाले."

"अन् सांगतलं नाही?"

"नाही बापू."

त्यांनी चिमटा मागवला. काटा काढताना धोळ्या असा हंबरला की पोरं रडायला लागली. पू आला, हळद भरली. मी विचारलं, "बापू, तुम्हांला राग नाही आला? आपला आता काही हक्कच उरला नाही."

ते म्हणाले, "देवाले आपल्याले काट्यानं बांधून ठेवाचं असतं तं पाय कायले देल्ले असते? तो उठल तवा उठू."

उद्या साहेब येतील. त्यांना बसलेला तांडा दिसेल की नाही, मला ठाऊक नाही. तुमचं ऐकलं नाही. तुम्ही काय म्हणाल, तेही ठाऊक आहे.

बिजली


यवतमाळ, २० मे

बिजली,

ठाऊक आहे तर लिहायचा त्रास वाचला.

हातातला डाव तू उधळलास. पोरीला ढाणकीला पाठवायला काट्याचं भाषण कशाला लागत होतं? "ताप जास्त आहे, न्या" म्हटलं असतं तर त्या बाईनं ऐकलं नसतं का? कदाचित नसतं ऐकलं. तरी प्रयत्न करायचा! चाळीस घरांचं छप्पर एका वाक्यात उडवलंस.

पोर कशी आहे ते मात्र कळव.

कोकिळा


यवतमाळ, २९ मे

बिजली,

नऊ दिवस झाले. पत्र नाही. माझ्या रागावर रुसली असशील तर ती चैन तुला आत्ता परवडणारी नाही.

काल एसटी स्टँडवर एक जण सांगत होता, उमरखेडच्या बाजूला तांडा आणि गाव यांच्यात डोकी फुटली. कुठल्या गावाचं ते त्याला धड सांगता येईना. मी त्याला इतकं खोदून विचारलं की तो माझ्यापासून पळून दुसऱ्या गाडीत बसला.

रात्री झोप येत नाही. सकाळी देवासमोर बसते आणि काय मागावं ते कळत नाही. बैल उठावा म्हणू, की उठू नये म्हणू? साठी उलटल्यावर मला हे दिवस दाखवलेस.

दोन ओळी लिही. कुणाकडूनही लिहवून घे.

कोकिळा


बोरखडी, ३१ मे

बाई,

हात बांधलेला होता, म्हणून लिहिता आलं नाही. बाकी काही नाही, घाबरू नका. सगळं ओळीनं सांगते.

१८ तारखेला आम्ही वाट पाहिली. साहेब आले नाहीत. जीप आलीच नाही. तुमच्या पत्रात त्याबद्दल काही नव्हतं, तेव्हा तुम्हांला माहीत नसावं.

मी काटा राखला असता, तरी ते आले नसतेच. हे मी तुम्हांला टोचायला लिहीत नाही. मीच त्यावर फार विचार केला.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर धोळ्या उठला. लंगडत चालायला लागला. गाव बांधावर उभं होतं, जसं तमाशाला उभं राहतं. आम्ही गाड्या जुंपल्या. विठ्ठलरावांच्या गड्यानं मागून शीळ घातली आणि म्हणाला, "जा बापा, देव चालला तुमचा!" भावसिंगनं त्याच्या डोक्यात काठी घातली. मग एकच गोंधळ. मी मध्ये पडले, एक काठी माझ्या मनगटावर बसली. त्या गड्याला टाके पडले, आमच्या शंकरसिंगलाही. एसटी स्टँडवर तुम्ही ऐकलं ते हेच.

सगळे भांडत होते, तेव्हा बापू धोळ्याच्या घंटेच्या आवाजामागं चालत होते. एकटे. त्यांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आम्ही ओरडून भांडण थांबवलं, तेव्हा कळलं की ते दोघं नाल्यापलीकडं आहेत. बरडावर. धोळ्या तिथं मुरमावर बसला होता आणि बापू त्याच्या शेजारी.

सगळं शांत झालं. विठ्ठलरावांचं वावर रिकामं, आणि आम्ही बापूंच्या मागं नाल्यात गुडघाभर पाण्यात उभे.

विठ्ठलराव संध्याकाळी आले. एकटे, काठी नाही. मी चुलीपाशी होते. बापूंशी न बोलता माझ्याकडं आले.

"नात बरी हाय. डाक्टर म्हने, आजून एक दिवस उशीर झाला असता तं हाती लागली नसती."

मी म्हटलं, बरं झालं.

"काटा तुले आधीच दिसला होता म्हन्ते तुहा भाऊ. गप बसली असती तं माह्या वावरात पेरनी नसती होऊ देल्ली तुम्ही. जमादारही गेलता नमस्कार करून. काहून सांगतलं?"

"पोरगी तापली होती," मी म्हणाले.

ते बरडाकडं वळले. मग बापूंना म्हणाले, "नायका, बैल माह्या वावरातून उठला. हा बरड काही माह्या बापाचा नाही. वस्तीच्या ठरावाचं कळलं मले, पंचायतीत हात वर करतो. पन गावच्या विहिरीवर तुमच्या बाया दिसाच्या नाहीत. नाल्याचं पानी प्या. अन् त्या तुह्या पोराले सांग, काठी घरी ठेवाची."

बापू म्हणाले, "पोराले सांगतो. विहिरीचं तुमी आजून एकदा इचार करा."

"लय झालं तेवढं," म्हणून गेले.

परवा पंचायत बसली. दोघं जण विरुद्ध होते, त्यांनी शेवटपर्यंत हात वर केला नाही. बाकीच्यांनी केला. ठराव भावसिंग स्वतः घेऊन यवतमाळला येतोय. त्याला जेवू घाला आणि रागवा, दोन्ही करा.

बिजली


यवतमाळ, ९ जून

बिजली,

हुकूम झाला. नक्कल सोबत आहे. बोरखडीचा बरड, चाळीस घरं, नायक पूनमसिंग यांच्या तांड्यासाठी. सही मोठ्या साहेबांची, शाई वाळायच्या आत मी उचलली. जीप बिघडली होती म्हणाले. मी म्हटलं, हो का, आमचा बैलही बिघडला होता, पण तो निघाला.

विहिरीचं मला मुळीच पटलेलं नाही. हात वर केला म्हणून त्या विठ्ठलरावाची आरती ओवाळायची नाही. माणसानं माणसाला पाणी नाकारायचं आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचं! त्यासाठी वेगळा अर्ज मी लिहायला घेतला आहे. पहिली ओळच अशी लिहिली आहे की वाचणाऱ्याला घाम फुटावा.

भावसिंगला जेवू घातलं. रागावले. त्यानं दोन्ही पोटभर घेतलं.

मी तुला काटा ठेवायला सांगितलं होतं. तू ठेवला नाहीस. तिथं माझ्या नावानं काही बोलणं झालं असेल तर ते मला कळवायची गरज नाही.

पाऊस यायच्या आत छपरं घाला.

कोकिळा


बोरखडीचा बरड, १४ जून

बाई,

हुकूम मी वाचून दाखवला. बापूंनी कागद डोळ्यांना लावला आणि कोपरीच्या खिशात ठेवला. तुमच्या नावानं इथं फक्त नारळ फुटला.

काल सकाळी धोळ्या उठला. पाय आता पूर्ण बरा आहे. त्यानं अंग झटकलं, नाल्यावर पाणी प्यायला आणि सरळ उगवतीकडं चालायला लागला. मान वर, घंटा वाजतेय, जसा पहिल्या दिवशी निघाला होता तसाच.

अख्खा तांडा थबकला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण रुपीकाकीनं चुलीवरचं भांडं उतरवलं. शंकरसिंगनं गाडीचं जू उचललं. मीसुद्धा पुस्तकांचं गाठोडं उचलून उभी राहिले होते, हे मला नंतर कळलं. हुकूम झालेला, जागा मिळालेली, ठराव झालेला. तरी आमचे पाय निघायला लागले होते.

सगळे बापूंकडं बघत होते. ते डोळ्यांवर हात धरून उभे. त्यांना तो दिसत नव्हता, घंटा ऐकत होते. आवाज लांब जाऊ लागला. याडीनं तोंडाला पदर लावला.

भावसिंग म्हणाला, "बापू, निंगाचं का?"

"कायले?"

"तो चालला न!"

"देवाले आनाचं होतं तेथं त्यानं आनलं," बापू म्हणाले. "आता तो चराले चालला. तू बी जातं का चराले?"

कुणीतरी हसलं, मग सगळे. याडी हसता हसता रडली. धोळ्या टेकाडाआड गेला. हे लिहीपर्यंत परत आलेला नाही. पोरं टेकाडावर चढून बघून येतात.

मग बापूंनी पहार मागितली. म्हणाले, छपराची पहिली मेढ मीच रोवतो. त्यांना नेम धरता येत नव्हता, म्हणून मी पहार जागेवर टेकवून द्यायची आणि त्यांनी घाव घालायचा. मुरमाखाली काळा पत्थर आहे, बाई. ठिणग्या उडत होत्या. मेढ हातभर आत जायला दुपार झाली. मग ती हलवून बघितली. हलली नाही. बापू घाम पुसून दुसऱ्या खड्ड्याकडं वळले.

बिजली